सायरेनोमेलिया: चोर धमनी की साक्षीदार?

बारामतीत काय किंवा इंदापुरात काय, प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड्स पाहिलेल्या असतात. ३३ तास, ४८ तास, ७२ तास. आकृती काढायची, नावं द्यायची, सही घ्यायची, संपलं. पण ४८ च्या स्लाइडवर पायांचे कोंब नसतात आणि ७२ च्या स्लाइडवर असतात, मग मधल्या २४ तासांत काय झालं, हे आपण सहसा विचारत नाही. आजचा वाद तिथलाच आहे.

२०१८ मध्ये अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दोन्ही पाय जुळलेलं बाळ जन्मलं आणि काही मिनिटांतच गेलं. बातम्यांनी त्याला 'जलपरी' केलं. विकाराचं नाव सायरेनोमेलिया, प्रमाण साधारण लाखात एक. मूत्रपिंडं बहुतेक वेळा नसतातच किंवा कामाची नसतात, म्हणून अशी बाळं क्वचितच जगतात.

हे का होतं? १९८६ मध्ये स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी अशा ११ बाळांचं विच्छेदन करून उत्तर दिलं: 'व्हॅस्क्युलर स्टील', म्हणजे रक्ताची चोरी. नाळेकडे जाणारी एकच मोठी धमनी पोटात खूप वरून निघते, रक्त तिकडेच वळतं आणि खालचा भाग उपाशी राहतो. पेपर चांगलाच आहे. निरीक्षणं बारकाईची आहेत, आणि यांनी तपासता येईल अशी यंत्रणा मांडली.

माझा आक्षेप निष्कर्षावर आहे. विच्छेदन झालं ते घडून गेलेल्या शरीराचं. तिथे धमनी वेगळी दिसते आणि पायही वेगळे दिसतात. पण आधी काय बिघडलं? धमनीमुळे पाय, की दोन्ही एकाच जुन्या बिघाडामुळे? ११ बाळांऐवजी १०० पाहिली असती तरी या पद्धतीने तो क्रम कळला नसता.

क्रमाचा एक धागा मात्र हाडांतच आहे. नेहमीच्या पायात फिब्युला बाहेरच्या बाजूला असते. या बाळांत ती मध्यभागी येते. सुरुवातीच्या कोंबात फिब्युलाची बाजू शेपटीकडे असते. म्हणजे पाय वळण्याआधीच, मधला ऊतक कमी पडून, त्या दोन कडा एकमेकींना भिडल्या असणार. नुसती उपासमार झाली असती तर पाय बारीक राहिले असते. ते असे उलटे का जुळावेत?

२००५ मध्ये झाकिन आणि सहकाऱ्यांनी बीएमपी-७ आणि टीएसजी ही दोन जनुकं बिघडवली, तेव्हा उंदरांच्या भ्रूणांत सायरेनोमेलिया दिसला. त्यांनी बोट ठेवलं ते मागच्या, पोटाकडच्या मध्यस्तरावर. अर्थात उंदरात जनुक सापडलं म्हणजे माणसातलं कारण सापडलं असं नाही. पण इथे भ्रूण घडत असताना पाहता येतो, आणि १९८६ च्या पेपरकडे नेमकं तेच नव्हतं.

हा वाद फक्त प्रयोगशाळेपुरता नाहीये. आमच्याकडे इंदापूर तालुक्यात अजूनही गरोदर बाईला ग्रहणात विळी-सुरी हातात घेऊ देत नाहीत. बाळात काही व्यंग निघालं की पहिला प्रश्न आईलाच: "ग्रहणात काय चिरलंस?" शरीराचं मागचं टोक घडतं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. सहाव्या महिन्यातल्या ग्रहणाचा इथे संबंधच येत नाही. आईच्या मधुमेहाचा संबंध मात्र याच भागाच्या दुसऱ्या एका विकाराशी, कॉडल रिग्रेशनशी, पक्का आहे. म्हणून साखर तपासायची ती दिवस राहण्याआधी.

पीएचडीच्या मुलाखतीला जाताना एक सवय लावून घ्या. पेपरमध्ये 'यामुळे' हा शब्द आला की थांबा आणि विचारा: आधी काय घडलं, हे यांनी पाहिलंय की शेवटावरून ओळखलंय? ग्रहणाचा प्रश्न विचारणाऱ्या आजीलाही हाच प्रश्न लागू होतो. फक्त तो जरा हळू आवाजात विचारा.