जुना हॉर्न, नवा ड्रायव्हर : ला स्कालाच्या 'अपग्रेड'विषयी

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

मागच्या खेपेला आपण अँप्लिफायरवर बोलत होतो, तेव्हा मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली होती. 'माझ्याकडे जुने हॉर्न स्पीकर आहेत. नवे ड्रायव्हर टाकू का?' एवढंच. वेळ संपली होती, म्हणून मी 'पुढच्या वेळी सांगतो' म्हणालो आणि सुटलो. आज सुटका नाही.

'अपग्रेड' या शब्दाशीच माझं भांडण आहे. झिजलेला भाग बदलला, की अपग्रेड. मूळ रचनेत चूक होती ती सुधारली, तेही अपग्रेड. आणि मूळचं काढून टाकून दुसरंच काही बसवलं, तर तेही अपग्रेडच. तीन वेगळी कामं आणि शब्द एक. साध्या पेटीच्या स्पीकरमध्ये हा घोळ थोडाफार खपून जातो. हॉर्नमध्ये खपत नाही, कारण तिथे एकही भाग स्वतःच्या जिवावर काम करत नाही.

हॉर्न म्हणजे काय, हे आपल्याला शिकवायला नको. गणपतीत, जत्रेत, सभेत आपण भोंगा ऐकलेला आहे. त्यात घडतं ते असं : ड्रायव्हरचा पडदा जड आणि कडक, हवा हलकी आणि पातळ. पडदा हलला तरी हवा नीट पकडीत येत नाही. हॉर्नचा अरुंद घसा त्या पडद्यावर हवेचा दाब आणतो आणि मग हळूहळू रुंद होत तो दाब खोलीत मोकळा करतो. म्हणजे तो हवेचा ट्रान्सफॉर्मर आहे. फायदा किती? ला स्काला हा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर साधारण १०४ डेसिबल आवाज देतो. शेल्फवरचा चांगला छोटा स्पीकर ८६ च्या आसपास देतो. हा फरक १८ डेसिबलचा, म्हणजे तेवढ्याच आवाजाला छोट्या स्पीकरला साठपटींहून जास्त ताकद लागते. आणि एवढं करून हॉर्नचा पडदा जेमतेम हलतो. कमी हलतो म्हणून विकृती कमी. पॉल क्लिप्श यांचा सगळा आग्रह यावर होता. हे आर्कान्सामधल्या होप गावचे गृहस्थ, जन्म १९०४, गेले २००२ मध्ये. १९४६ साली त्यांनी क्लिप्शहॉर्न आणला, तो आजही बनतो. त्यांच्या कोटाच्या कॉलरमागे एक पिवळा बिल्ला असायचा. समोरचा माणूस थापा मारू लागला, की ते कॉलर उलटून दाखवायचे. बिल्ल्यावर जो शब्द होता त्याला मराठीत सभ्यपणे 'भंकस' म्हणू. (हशा)

ला स्काला हा त्यांचाच, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. नाव मिलानच्या ऑपेरागृहाचं, पण जन्म भोंग्याचा. विन्थ्रॉप रॉकफेलर आर्कान्साच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, त्यांच्या प्रचारसभांसाठी हा स्पीकर झाला. १९६४ ला ते पडले आणि १९६६ ला निवडून आले. पडले त्यात स्पीकरचा दोष नसावा.

त्याच्या आत काय आहे, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. खाली पंधरा इंची वूफर, तो घडी घातलेल्या लाकडी हॉर्नमध्ये. मध्ये सोळा ओहमचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर, के-५५-व्ही, साधारण दोन फूट लांब धातूच्या हॉर्नवर. वर एक लहानसा ट्वीटर. वूफर ४०० हर्ट्झला सोडतो, मधला ६००० ला सोडतो. हे वाटप करणारं सर्किट, क्रॉसओव्हर, 'टाइप एए' नावाचं, फारच थोड्या भागांचं. मधल्या ड्रायव्हरसाठी १३ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि एक ऑटोट्रान्सफॉर्मर. या ट्रान्सफॉर्मरला टॅप असतात. एक टॅप खाली आलात की आवाज तीन डेसिबल उतरतो. ला स्कालात मधला ड्रायव्हर एक टॅप खाली, म्हणजे उणे तीनवर जोडलेला असतो.

आता माझ्या मित्राची गोष्ट. त्याचं नाव सांगत नाही, तो आज आलेला आहे. (हशा) त्याच्या भावाने अमेरिकेतून घरसामानाच्या कंटेनरमधून ला स्कालाची जोडी पाठवली. पुण्यात आल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं, मधला ड्रायव्हर जुना, पडदा फेनॉलिकचा, टायटॅनियमचा नवा टाक. याने टाकला. चांगल्या कंपनीचा, आठ ओहमचा. आणि खर्च भरून निघावा म्हणून जुने ड्रायव्हर विकून टाकले.

मी ऐकायला गेलो. पहिला अर्धा तास मीही खूष. तबल्याची चाट अशी काही सुटी येत होती की विचारू नका. मग त्याने एका गायिकेचा ख्याल लावला. मंद्रात, मध्यात बाई समोर बसलेल्या. तार षड्जाला गेल्या, आणि दोन पावलं मागे सरकल्या. परत खाली आल्या की पुढे. दर वेळी. मित्र म्हणाला, ध्वनिमुद्रणच तसं आहे, बाई माइकपासून तोंड फिरवत असतील. मी म्हणालो, खोलीचा दोष आहे, सोफा हलव. आम्ही दोन आठवडे सोफा हलवत होतो. यातली निम्मी चूक माझी, कबूल करतो.

शेवटी कागद घेऊन बसलो. ऑटोट्रान्सफॉर्मरवर एक टॅप खाली उतरलात, की आवाज तर कमी होतोच, पण कपॅसिटरला दिसणारा भारही दुप्पट होतो. सोळा ओहमचा जुना ड्रायव्हर कपॅसिटरला बत्तीस दिसायचा. १३ मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम यांचा हिशेब केला तर छेद येतो ३८३ हर्ट्झला. म्हणजे क्लिप्शचे ४००. तिथेच आठ ओहमचा ड्रायव्हर जोडला की तो सोळा दिसतो, आणि छेद सरकतो ७६५ ला. वूफरचा हॉर्न तर घड्यांमुळे चारशे-पाचशेच्या पुढे थकायला लागलेला. मध्ये खड्डा. खोल नाही, तीन-चार डेसिबलचा. पण कुठे? गायिकेचा षड्ज काळी चार ते काळी पाच धरा, म्हणजे २०८ ते २३३ हर्ट्झ. तार षड्ज त्याच्या दुप्पट, ४१५ ते ४६६. तार सप्तकातले सगळे मूळ स्वर नेमके त्या खड्ड्यात! बाई मागे सरकत नव्हत्या. आम्हीच त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली होती.

आणि उपाय? काहीही विकत आणायचं नव्हतं. एक वायर अजून एका टॅपने खाली, उणे सहावर. आठ ओहम आता पुन्हा बत्तीस दिसतात, छेद पुन्हा ३८३ ला. आठ ओहमचा ड्रायव्हर तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट ताकद ओढतो, त्यामुळे तो तीन डेसिबल वर बोलत होता. तेही त्याच टॅपने उतरलं. ड्रायव्हरचा ओहमचा आकडा नाममात्र असतो, प्रत्यक्षात तो सरळ रेषेत नसतो, म्हणून नंतर माइक लावून मोजलंच पाहिजे. आम्ही मोजलं. खड्डा जवळपास गेला होता.

मला सांगायचंय ते हेच. नवा ड्रायव्हर वाईट नव्हता. पण तो एकटा बदलता येत नाही. जुना ड्रायव्हर, तो कपॅसिटर, तो टॅप आणि तो घडीचा हॉर्न हे एकच वाक्य आहे. मधला शब्द बदलला तर क्रियापद बदलावं लागतं.

आता क्रॉसओव्हर. तिथे मात्र मी अपग्रेडवाल्यांच्या बाजूचा. पन्नास वर्षांचा कपॅसिटर म्हणजे झिजलेला भाग. त्याचा अंतर्गत रोध वाढतो, वरचे स्वर मिटमिटे होतात. त्याच मूल्याचा साधा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर घाला, ही शुद्ध दुरुस्ती आहे. एकाच मूल्याच्या दोन चांगल्या फिल्म कपॅसिटरमध्ये दहापट किमतीचा फरक ऐकू येतो, असं सांगणाऱ्यांना मी तो बिल्ला दाखवेन. एक खबरदारी : त्या काळच्या तेलाच्या डब्यांसारख्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी द्रव्य असू शकतं. कुतूहल म्हणून डबा फोडून बघू नका. आणि टाइप एएमध्ये ट्वीटरच्या रक्षणासाठी झेनर डायोड आहेत. 'आवाज मोकळा होतो' म्हणून लोक ते कापतात. ट्वीटर बिचारा काही वॅटच सोसणारा, एखाद्या पार्टीत जातो. मग म्हणतात, जुना माल टिकत नाही.

मग क्लिप्श चुकले नाहीत का? चुकले की! किंवा तडजोड केली म्हणू. मधल्या हॉर्नची लांबी दोन फूट, ट्वीटरचा हॉर्न वीतभरही खोल नाही, आणि दोघांची तोंडं एकाच फळीवर. म्हणजे ट्वीटरचा पडदा जवळपास दीड फूट पुढे. एकच आघात ट्वीटरमधून दीड मिलिसेकंद आधी निघतो. ६००० हर्ट्झला तरंगलांबी सहा सेंटिमीटरहूनही कमी, म्हणजे आठ-नऊ लांब्यांची चुकामूक. आणि तानपुऱ्याच्या जवारीचा झणकार याच भागात पसरलेला असतो. जुन्या ला स्कालावर तानपुरा मला नेहमी दोन ठिकाणांहून आल्यासारखा वाटतो.

हा दोष काही नंतर कळला असं नाही. १९३० च्या दशकात एमजीएममध्ये एलिनॉर पॉवेल यांचा टॅप-डान्स ऐकताना एकेका टाचेचे दोन-दोन आवाज येत होते, कारण खालच्या आणि वरच्या हॉर्नच्या वाटेत काही फुटांचा फरक होता. आपल्याकडे कथकचं तत्कार असं ऐकू आलं तर सभागृहातून आरडाओरडा होईल. जॉन हिलियर्ड आणि मंडळींनी त्यावर काम केलं, त्यातून शियरर हॉर्न आला, त्याच वाटेने पुढे १९४५ ची आल्टेकची 'व्हॉइस ऑफ द थिएटर' मालिका. म्हणजे चित्रपटगृहाने जे आधी सोडवलं, ते दिवाणखान्यातल्या स्पीकरने फळीच्या सोयीसाठी सोडून दिलं.

इथे, आणि इथेच, मोठा बदल मला पटतो. मधला हॉर्न आणि ट्वीटर दोन्ही काढायचे, त्यांच्या जागी दोन इंची घशाचा एकच मोठा ड्रायव्हर रुंद हॉर्नवर, चारशे-पाचशेपासून थेट वरपर्यंत. सहा हजारचा सांधाच गेला. जवारी एका जागी आली. मी असा एक संच ऐकलाय, आणि तो मूळच्यापेक्षा चांगला होता, स्पष्ट सांगतो. लोक यासाठी ट्रॅक्ट्रिक्स आकाराचे सुंदर लाकडी हॉर्न घेतात आणि त्याला 'नवं तंत्र' म्हणतात. तो आकार इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९२० च्या दशकात वापरला होता. असो.

फक्त मग त्याला ला स्काला म्हणू नका. खालची पेटी क्लिप्शची, वरचा सगळा आवाज तुमचा. तो तसाच राहायला हवा असा माझा हट्ट नाही. हट्ट एवढाच, की फळीला करवत लावू नका. नवा हॉर्न पेटीच्या वर ठेवा. मूळचं वरचं सामान गुंडाळून माळ्यावर टाका. माझ्या मित्राला आज त्याचे के-५५ परत हवे आहेत, आणि ज्याला विकले तो फोन उचलत नाही.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, एवढी आकडेमोड कशाला? क्रॉसओव्हर काढून डीएसपी लावला आणि तीन अँप्लिफायर दिले, की दीड मिलिसेकंद बटणावर दुरुस्त होतो ना?

उत्तर : होतो. आणि वेळेच्या बाबतीत तो कुठल्याही कपॅसिटरपेक्षा सरस आहे, मी नाकारत नाही. पण मघाशी सांगितलं, हा स्पीकर एका वॅटला १०४ देतो. मधला ड्रायव्हर त्याहून कार्यक्षम, म्हणून तर टॅप लागतो. तो टॅप काढून तुम्ही अँप्लिफायर थेट ड्रायव्हरला जोडला, की अँप्लिफायरची आणि डीएसपीची जी काही सूं आहे ती सगळी हॉर्नमधून खोलीत येते. आलापाआधीच्या शांततेत ती ऐकू येते. शांत अँप्लिफायर निवडा, किंवा मध्ये रोध घाला. आणि ट्वीटरला थेट अँप्लिफायर जोडताना मालिकेत एक कपॅसिटर ठेवाच. अँप्लिफायर बिघडून डीसी आला तर तेवढाच आधार.

प्रश्न : काका, माझ्याकडे जोडी आहे, पण बजेट पाच-सहा हजारांचं. पहिलं काय करू?

उत्तर : पेटीच्या बाजूच्या फळ्यांना हात लावून मोठ्याने पखवाज लाव. थरथरतात की नाही बघ. जुन्या ला स्कालात त्या पाऊण इंची प्लायच्या आहेत आणि थरथरतात. कंपनीने नंतर २००६ च्या आवृत्तीत एक इंची एमडीएफ वापरला. तू दोन्ही फळ्यांमध्ये लाकडाची एक आडवी पट्टी घट्ट बसव, गोंद लावू नको, म्हणजे हवी तेव्हा काढता येईल. उरलेल्या पैशांत मोजमापाचा साधा यूएसबी माइक घे. ड्रायव्हरचं नंतर बघू.