‘फॅक्ट्स’च्या रकान्यात न मावलेलं

माझी रूममेट एलएलबी करते. तिच्या वहीत प्रत्येक खटल्याचे तीन रकाने असतात: फॅक्ट्स, इश्यू, हेल्ड. मथुरा खटला त्यात सहा ओळींत संपतो. मी सायन्सची, पण आमच्याकडेही अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून पेपर ‘वाचला’ म्हणणारे कमी नाहीत (मीही त्यातलीच), तेव्हा हसायची सोय नव्हती.

याच खटल्यावर चार प्राध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर दिल्लीचे, वसुधा धागमवार पुण्याच्या. तुमचा विषय कोणताही असो, पीएचडीला बसण्याआधी हे पत्र वाचाच.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी. रात्री जबाब झाल्यावर बरोबरच्यांना जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. दोन पोलिसांवर आरोप. सत्र न्यायालयाने सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. का? अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचं पटत नाही, म्हणजे संमती.

आता हे लॅबच्या नजरेने बघा. जखम न दिसणं हे निरीक्षण. संमती हा निष्कर्ष. मधे एक गृहीतक लपलंय: जिला नको असेल ती झटापट करणारच. पत्र नेमकं त्यावर बोट ठेवतं. दार लावलेल्या ठाण्यात, समोर वर्दी असताना ती ओरडून बोलावणार कोणाला, पोलिसांना? निमूट राहणं म्हणजे होकार नव्हे, हे हायकोर्टाला कळलं होतं. मला सगळ्यात आवडलं ते हे, की या चौघांनी नवा पुरावा एकही आणला नाही. तिचं वय, तिची गरिबी, ठाण्यातली भीती, सगळं समोरच होतं. फक्त कोणी हिशेबात धरलं नव्हतं.

पुढे १९८० मध्ये स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली, तर कोर्टाने तसंच धरायचं. वहीत एवढंच येतं. पण बाईच्या चारित्र्यावरून तिची साक्ष अविश्वसनीय ठरवू देणारं पोटकलम जायला २००३ उजाडलं. म्हणजे पत्रातला युक्तिवाद व्यापक, कायद्याने घेतला तो त्याचा सोयीचा तुकडा.

माझी तक्रार पत्राबद्दलही आहे. ते कोर्टाला जाब विचारतं, वर्गाला नाही. कशाला ‘फॅक्ट’ म्हणायचं आणि काय गाळायचं, हे वकील आणि न्यायाधीश शिकतात कुठे? लॉ कॉलेजातच ना! चौघं शिक्षक असून हा प्रश्न त्यांनी स्वतःकडे वळवला नाही, हे मला खटकतं.

रूममेटला विचारलं, “आई-बाप लहानपणीच गेलेले, बहीणभाऊ मजुरी करायचे, हे वहीत कुठंय?” तिने पान उलटून पाहिलं. “अगं, त्याला मार्क नसतात.”

दुसऱ्या दिवशी मात्र तिनेच सुप्रीम कोर्टाचं पूर्ण निकालपत्र काढून आणलं. आता आम्ही सत्र न्यायालयाचं शोधतोय. अजून हाती लागलेलं नाही.