युद्धवार्तेतील ‘आम्ही’

युद्धवार्ताहराच्या लेखनाचे परीक्षण करताना, तो सैन्याबरोबर होता की स्वतंत्रपणे हिंडत होता, हा प्रश्न प्रथम विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावरूनच लेखनाची विश्वसनीयता ठरविली जाते. ही कसोटी अपुरी आहे, हे इराक युद्धातील दोन वृत्तांतांच्या आधारे दाखविण्याचा येथे विचार आहे.

२००३ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने शेकडो वार्ताहर लढाऊ तुकड्यांशी जोडून दिले. तुकडीचे ठिकाण व भावी हालचाली उघड न करण्याची अट त्यांना लेखी मान्य करावी लागे. परंतु त्याहून बलवत्तर अट अलिखित होती : ज्यांच्याविषयी लिहावयाचे, त्यांच्याच बंदुकीच्या आश्रयाने जगावयाचे. शस्त्रांपासून अभय देणारा व्यासांचा वर संजयाला लाभला होता. आजच्या वार्ताहराला तो नाही. आश्रयावाचून निघालेले ब्रिटिश वार्ताहर टेरी लॉइड २२ मार्च २००३ रोजी बसऱ्याजवळ मारले गेले. अमेरिकन सैनिकांच्या गोळीने झालेला हा मृत्यू बेकायदेशीर वध होय, असा निर्णय ब्रिटनमधील मृत्यूचौकशीत २००६ साली देण्यात आला.

आश्रित लेखक भाट होतो, हा आक्षेप मात्र ‘जनरेशन किल’ (२००४) या पुस्तकापुढे टिकत नाही. इव्हान राइट हे मरीन दलाच्या एका टेहळणी तुकडीबरोबर तिच्याच गाडीतून गेले. सैनिकांची थट्टा, भीती, अधिकाऱ्यांवरील राग हे सारे त्यांनी टिपले. तुकडीच्या गोळ्यांनी धनगरांची मुले जखमी झाली, हेही लपविले नाही. सहवासावाचून हे हाती आले नसते. तथापि तुकडी पुढे निघाली की लेखकालाही पुढे जावे लागते. मागे राहिलेल्या कुटुंबाचे काय झाले, हे त्या गाडीतून दिसणे शक्य नव्हते.

हदीथाचा वृत्तांत याच्या उलट आहे. १९ नोव्हेंबर २००५ रोजी तेथे बॉम्बस्फोटात एक मरीन ठार झाला आणि त्यानंतर मरीन सैनिकांनी स्त्रिया व मुले यांसह २४ इराकी नागरिकांना ठार केले. स्फोटातच १५ नागरिक मेले, असे सैन्याचे पहिले निवेदन होते. मार्च २००६ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने इराकी साक्षीदार व एक चित्रफीत यांच्या आधारे त्या निवेदनाला आव्हान दिले. हा वृत्तांत मेलेल्यांच्या घरापर्यंत पोहोचतो. गोळी झाडणाऱ्याच्या मनापर्यंत मात्र पोहोचत नाही.

तेव्हा अभ्यासकाने वार्ताहराचे ओळखपत्र पाहून थांबू नये. वृत्तांतातील ‘आम्ही’ या शब्दात कोण मोडते, आणि लेखक ज्या दारापर्यंत गेला नाही ते कोणाचे, हे त्याने तपासावे. हदीथापुरते सांगावयाचे तर या प्रश्नाचे उत्तर चोवीस माणसांच्या मृत्यूची खरी नोंद होण्याइतके मोलाचे होते.