वकिलाची पाटी आणि अशिलाचें अज्ञान

नियमांच्या पुस्तकाकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाहीं. तथापि एखादा व्यवसाय स्वतःला काय समजतो, हें त्यांतूनच उत्तम कळतें. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलींतील ३६ वा नियम या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे. वकिलानें जाहिरात देऊं नये, दलालामार्फत काम मिळवूं नये, आपण चालविलेल्या खटल्यांच्या निमित्तानें स्वतःचें छायाचित्र छापवूं नये. पाटी बेताच्या आकाराची असावी व आपण पूर्वीं न्यायाधीश होतों असें तिच्यावर लिहूं नये, असा त्याचा आशय आहे.

यामागील भूमिका उदात्त आहे, आणि निराधारहि नाहीं. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांत येणाऱ्या पक्षकारांवर कांहीं वकील अक्षरशः तुटून पडतात, या आरोपावरून उद्भवलेलें प्रकरण १९७५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, तेव्हां वकिली हा व्यापार नव्हे, असें न्या. कृष्ण अय्यर यांनीं बजावलें. आपली मराठी मात्र ‘वकिलीचा धंदा’ असेंच म्हणत आली. अशिलाचा अनुभव भाषेनें टिपून ठेवला म्हणावयाचा!

परंतु हा नियम सारा निषेधपर आहे. वकिलानें काय बोलूं नये हें तो सांगतो. अशिलाला काय कळलें पाहिजे याविषयीं मौन पाळतो. २००८ सालच्या दुरुस्तीनें वकिलाला संकेतस्थळावर नांव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण व कामाचें क्षेत्र देण्याची मुभा मिळाली. फीचा आंकडा त्या यादींत नाहीं. अमेरिकेंत नेमका याच आंकड्यावरून वाद झाला. १९७७ सालीं बेट्स प्रकरणांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें, नित्याच्या कामांच्या दरांची खरी जाहिरात सरसकट बंद करतां येणार नाहीं, असें ठरविलें. फसव्या जाहिरातीस मात्र अभय दिलें नाहीं. हा निर्णय ५ विरुद्ध ४ मतांनीं झाला, म्हणजे शंका तेथेंहि होतीच.

तेथील सारी मोकळीक मी मागत नाहीं. पण तालुक्याच्या कोर्टांत प्रथमच आलेल्या मनुष्याला पाटीच्या आकाराशीं काय कर्तव्य? आपलें काम कोण करील व काय घेईल, एवढेंच त्याला हवें असतें. वकिलाला तें जाहीर करतां येत नाहीं, म्हणून दारांतला दलाल सांगतो. नामांकित वकिलाला जाहिरातीची गरजच नसते. या मौनाचा भार नवशिक्यावर व गरीब अशिलावर पडतो. आत्मस्तुति निषिद्ध असावी, हें योग्यच. परंतु दर सांगणें म्हणजे आत्मस्तुति नव्हे. नियमकर्त्यांनीं एवढा भेद केला, तरी दलालाचें भांडवल पुष्कळ आटेल.