श्यामची आई, चाळिशीत पाहिलेली

नसरापूरच्या शाळेत खिडक्यांना सतरंज्या लावून आम्हाला ‘श्यामची आई’ दाखवला होता. शेवटी सगळा वर्ग रडला, बाईसुद्धा. आमच्यासाठी ती परीकथाच होती. वनमालाबाई म्हणजे परी, दारात येणारा सावकाराचा माणूस म्हणजे राक्षस, आणि माधव वझेंचा श्याम म्हणजे आम्ही. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या या चित्रपटाला पुढच्याच वर्षी पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, हे खूप नंतर कळलं.

परवा मुलाला शेजारी बसवून तो पुन्हा पाहिला. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने बडवून विहिरीवर पाठवते तो प्रसंग आला, तेव्हा मुलगा म्हणाला, “मारते कशाला? सोबत जायचं ना!” लहानपणी हा प्रश्न मला सुचला नव्हता. मार म्हणजे माया, एवढाच धडा मी घेतला होता.

मग राक्षसाचंही कोडं पडलं. श्यामचं घराणं खोतांचं. ज्या खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, तीच ही व्यवस्था. आपण रडतो ते कर्जात बुडालेल्या खोताच्या घरासाठी. त्याच्या कुळांची घरं आपल्या डोळ्यांसमोर येतच नाहीत.

पुस्तकात आणखी एक जागा आहे. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला मदत कर, असं आई श्यामला सांगते. आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असंही. लहानपणी मला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं होतं. पण आईवर खटला भरण्याआधी मुलाकडे पाहायला हवं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी 1947 साली प्राणपणाने उपोषण केलं. आईचं पहिलं वाक्य त्यांनी आयुष्यभर सांभाळलं, दुसरं सोडून दिलं. आईवर याहून मोठं प्रेम कोणतं असेल?

खरी अडचण माझी आहे. ‘अळणी भाजी’त वडील आणि मुलं मीठ नसलेली भाजी मुकाट्याने खातात. सगळ्यांचं झाल्यावर आई जेवायला बसते, तेव्हा तिला कळतं. आम्हाला हा धडा संयमाचा म्हणून शिकवला. आता मला त्यात एवढंच दिसतं, की ती सगळ्यांच्या शेवटी जेवत होती. माझी आईही शेवटीच जेवायची, उरलंसुरलं. या गोष्टीने आम्हाला तिचे पाय धरायला शिकवलं. तिचं ताट आपल्याबरोबर वाढायला नाही शिकवलं.

चित्रपट संपला. मुलगा रडला नाही, मी रडले. त्याने विचारलं, “तिला कुणी विचारलंच नाही का, तुला काय हवंय म्हणून?”

रात्री नसरापूरला फोन लावला. आई म्हणाली, “जेवतेय गं, नंतर बोलू.” साडेसात वाजले होते. बरं वाटलं.