देह दोन, विद्या एक : ‘रानमा १/२’ची चित्रकथा आणि तिची दृक्‌श्राव्य रूपे

युद्धकलेच्या लोकप्रिय कथेत नायकाचे पौरुष बहुधा गृहीत धरलेले असते. बळ, जिद्द आणि विजय ही त्या पौरुषाची लक्षणे मानली जातात आणि प्रत्येक लढत त्यांची नव्याने ग्वाही देते. रुमिको ताकाहाशी यांची ‘रानमा १/२’ ही जपानी चित्रकथा (मांगा) नेमक्या या गृहीतकालाच हात घालते. ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकातून ती १९८७ ते १९९६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि ३८ खंडांत ग्रंथरूप झाली. ‘शोनेन’ म्हणजे किशोरवयीन मुलगा. म्हणजे मुख्यतः मुलग्यांसाठी चालणाऱ्या नियतकालिकात एका लेखिकेने हा विषय मांडला, ही बाब सुरुवातीलाच ध्यानात घेणे आवश्यक आहे.

कथाबीज थोडक्यात असे. रानमा साओतोमे हा तरुण आपले वडील गेन्मा यांच्यासह चीनमधील जुसेनक्यो या शापित झऱ्यांच्या स्थळी सराव करीत असताना पाण्यात पडतो. ज्या झऱ्यात जो बुडून मेला, त्याचे रूप त्यात पडणाऱ्याला मिळते. त्यामुळे थंड पाण्याचा स्पर्श होताच रानमा मुलगी होतो आणि गरम पाण्याने पुन्हा मुलगा होतो. वडिलांच्या वाट्याला पांडा या प्राण्याचे रूप येते. वडिलांचे मित्र सोउन तेंदो यांची आखाडा चालवणारी शाळा पुढे टिकावी म्हणून त्यांची कन्या अकाने हिच्याशी रानमाचा विवाह परस्पर ठरवला जातो. अकाने स्वतःही युद्धकलेत तरबेज आहे आणि हा विवाह दोघांनाही मान्य नाही.

स्त्री-पुरुष रूपांतराचे आशयसूत्र भारतीय वाचकाला अपरिचित नाही. रामायणाच्या उत्तरकांडातील इल राजा एक महिना पुरुष आणि एक महिना स्त्री असतो. मात्र एका अवस्थेत त्याला दुसरीचे स्मरण राहत नाही. त्या कथेत देहाबरोबर ‘मी’ही बदलतो. ताकाहाशींच्या कथेत स्मृती अखंड राहते. बदलतो तो देह आणि बदलतात ते पाहणारे. कुनो हा सहाध्यायी रानमाचा द्वेष करतो आणि त्याच रानमाच्या स्त्रीरूपावर अनुरक्त होतो. दोघे एकच आहेत हे त्याला उमगत नाही. प्रेम आणि द्वेष किती अंशी व्यक्तीवर असतात आणि किती अंशी रूपावर, असा गंभीर प्रश्न या हास्यप्रसंगातून उभा राहतो.

युद्धकलेचे स्थान इथे निर्णायक ठरते. स्त्रीरूपात रानमाचे बळ आणि हातांची पोच कमी होते, पण चपळता वाढते. वृद्ध कोलोन त्याच्या देहातील एक मर्मबिंदू दाबून गरम पाणी त्याला असह्य करते, तेव्हा तो स्त्रीरूपातच अडकतो. विस्तवातील चेस्टनट न भाजता उचलण्याचा सराव करून अतिवेगवान ठोशांचे तंत्र तो नेमके या काळात आत्मसात करतो. पुढे एका प्रकरणात त्याची सारी ताकद हिरावली जाते, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्याच तप्त आवेशाचा उपयोग करून घेणारे तंत्र तो शिकतो. सारांश, कथेतील विद्या बळावर अवलंबून नाही. मग ती पुरुषदेहाची मिरास कशी ठरेल? स्केटिंग, चहापानाचा विधी, घरपोच जेवण पोहोचवणे यांनाही युद्धकलेचे रूप देणारी विडंबने हाच विचार विनोदाच्या अंगाने पुढे नेतात.

तरीही पौरुषाचा आग्रह कथेतून हद्दपार होत नाही. मुलाला ‘पुरुषांतला पुरुष’ करून दाखवीन, अन्यथा पितापुत्र पोट चिरून प्राण देऊ, असे वचन गेन्माने पत्नी नोदोका हिला दिलेले असते. त्यामुळे आई समोर येताच रानमाला मुलगी होऊन परक्या नावाने वावरावे लागते. पौरुषाच्या शपथेपोटी मुलाला स्त्रीरूपाचा आसरा घ्यावा लागावा, हा या संहितेतील सर्वात तीक्ष्ण उपरोध आहे. तिच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. स्त्रीदेहाला चोरून पाहणे, अंतर्वस्त्रे पळवणे यांवर बेतलेला विनोद वारंवार येतो आणि ज्या दृष्टीची कथा थट्टा करते, तिलाच तो खाद्य पुरवतो.

माध्यमांतरात या प्रश्नाला आवाजाचे परिमाण लाभते. १९८९ ते १९९२ या काळात दोन मालिका मिळून १६१ भाग दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झाले. त्यांत रानमाच्या पुरुषरूपाला काप्पेई यामागुची यांचा, तर स्त्रीरूपाला मेगुमी हायाशिबारा यांचा आवाज आहे. छापील पानावर रानमा दोन्ही देहांत स्वतःला ‘ओरे’ या पुरुषी वळणाच्या सर्वनामानेच संबोधतो. वाचकाच्या मनात वक्ता एकच राहतो. पडद्यावर तोच शब्द दोन कंठांतून येतो आणि ऐक्य राखण्याची जबाबदारी शब्दांच्या फेकीवर, उद्धट लयीवर पडते. हायाशिबारा ती समर्थपणे पेलतात. २०२४ साली सुरू झालेल्या नव्या मालिकेत हेच दोन आवाज पुन्हा योजले गेले, यातून या जोडीचे महत्त्व स्पष्ट होते.

मराठी अनुवादकाला हा पेच आणखी अवघड जाईल. जपानी क्रियापदाला लिंग नसते. मराठीत मात्र ‘मी हरलो’ की ‘मी हरले’ हे अनेक भूतकाळी वाक्यांत ठरवावे लागते. स्त्रीदेहातील रानमाच्या तोंडी ‘मी आलो’ हेच रूप संहितेशी प्रामाणिक ठरेल. प्रमाणभाषेत ते खटकेल. पण कोल्हापूरकडच्या बोलीत स्त्रियाही सहजपणे ‘मी आलो’ म्हणतात. म्हणजे क्रियापदाचे पौरुषदेखील संकेताधीनच आहे.

१९९२ साली दुसरी दूरचित्रवाणी मालिका थांबली, तेव्हा मूळ कथा अपुरीच होती. चित्रकथेच्या अखेरीस शाप उतरवणारे पाणी विवाहप्रसंगी भेट म्हणून येते. पण एक म्हातारा ते मद्य समजून पिऊन टाकतो, विवाह उधळला जातो आणि रानमा-अकाने नेहमीसारखे शाळेकडे धावत सुटतात. या शेवटाला पळवाट म्हणता येत नाही. शाप उतरला असता तर ‘खरा देह कोणता’ या प्रश्नाला सोपे उत्तर मिळाले असते. ते नाकारून ताकाहाशींनी नायकाजवळ दोन्ही देहांत टिकणारी एकच गोष्ट ठेवली : सरावाने कमावलेली विद्या.