‘फँड्री’तली गर्दी आणि आमचं खर्डा

ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी खर्डा सांगतो. समोरच्याला इतिहासाची आवड असेल तर तो लगेच म्हणतो, “अरे, ते लढाईवालं!” हो, तेच. 11 मार्च 1795, मराठ्यांनी निजामाला हरवलं. किल्ला अजून उभा आहे. एवढं सांगून मी विषय संपवतो.

गावाची दुसरी तारीख मी सांगत नाही. 28 एप्रिल 2014. त्या दिवशी खर्ड्यात 17 वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढंच कारण पुढे आलं. अडीच महिन्यांपूर्वी, 14 फेब्रुवारीला, नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ थिएटरात लागला होता. त्यातलं अकोळनेरही आमच्याच नगर जिल्ह्यातलं. साहजिकच अनेकांना जब्या आठवला.

तुलना बरोबर आहे, पण अर्धीच. परवा सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा माझं लक्ष जब्यापेक्षा गर्दीकडे जास्त होतं. कैकाडी कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावतंय. दोन-चार पोरं चिडवतायत, बाकी गाव हसत बघतंय. मंजुळे त्यांना राक्षस करत नाहीत. किराणा दुकानात, आठवडी बाजारात, शेजारच्या गावच्या लग्नात भेटतात तसलीच ही माणसं. सिनेमाची खरी ताकद मला प्रेमकथेत नाही, या बघ्यांत दिसते.

शेवटी जब्याचा दगड थेट आपल्यावर येतो आणि सिनेमा संपतो. माझी तक्रार आहे ती इथे. दगड दुसऱ्याच कुणाला तरी लागला असं समजून आपण सुटतो. दुसऱ्या दिवशी त्या बघ्यांना कुणी विचारलं असतं, “तुम्ही काय पाहिलं?” तर ते काय बोलले असते, हे सिनेमा दाखवत नाही.

खर्ड्याच्या खटल्यात हाच प्रश्न विचारला गेला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

मी तेव्हा जवळपास त्या मुलाच्याच वयाचा होतो. घरचे म्हणाले, “कुठे काही बोलू नकोस.” मी नाही बोललो. मला कुणी कोर्टात बोलावलं नाही, म्हणून माझं नाव फितुरांत नाही. एवढाच काय तो फरक.